आजोबांचा डबा: ७१ नाणी आणि ‘किंमत किती?’ हा प्रश्न



मागच्या वेळी मोजमापातल्या चुकांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे सगळं प्रयोगशाळेत ठीक आहे, पण संशोधनाचा प्रश्न ‘नीट मांडायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं? त्याचं उत्तर मला यंदाच्या दिवाळीत घरीच मिळालं, म्हणून आज सेन्सर बाजूला ठेवून नाण्यांबद्दल लिहितोय.

लाखनीला पोचलो त्याच संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर पत्र्याचा एक डबा आणून ठेवला. बिस्किटांचा जुना डबा, झाकण गंजलेलं, आत आजोबांची नाणी. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून डबा आजीच्या पेटीत. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचा, हळदीकुंकू लावून घ्यायचा आणि परत जायचा. यंदा मात्र आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि पैशांची जुळवाजुळव सुरू होती. त्यातच काकांनी एका नाण्याचा फोटो कुठेतरी पाठवला होता, आणि समोरून फोन आला: या एका नाण्याचे साडेतीन लाख देतो. फक्त आधी ‘नोंदणी’चे साडेसहा हजार भरा.

“तू पीएचडी करून राहिला ना? मग सांग बरं, हे खरं हाय का?”

माझी पीएचडी गॅस सेन्सरसाठीच्या पातळ थरांवर आहे. नाण्यांचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट तिथल्या तिथे सांगता आली: विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. जुन्या नाण्यांच्या नावाने आधी नोंदणी, मग कर, मग विमा असं एकेक करत पैसे उकळण्याचा हा धंदा इतका पसरला आहे, की ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेलाच पत्रक काढावं लागलं. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं बँकेने त्यात सांगितलं. ते पत्रक काकांना मोबाइलवर दाखवलं. साडेसहा हजार वाचले.

पण काकांचा खरा प्रश्न तसाच होता. हा माणूस खोटा, मान्य. मग डब्याची खरी किंमत किती?

आता इथे थांबा, कारण आपल्यातले बहुतेक जण इथेच घाई करतात. ‘किंमत किती?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात निदान तीन आहेत. नाण्यात धातू किती आणि त्याचा भाव काय? संग्राहक या नाण्याला धातूच्या वर किती देईल? आणि या नाण्यातून आपल्याला काय कळतं? पहिला प्रश्न तराजूने सुटतो. दुसरा बाजाराच्या नोंदींनी. तिसरा कशाने सुटतो ते पुढे येईलच. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं, की तो फोनवरचा माणूस तयार होतो.

पहिलं काम केलं ते यादीचं. डबा सतरंजीवर पालथा घालायचा मोह झाला होता, पण केला नाही. कोणतं नाणं कशासोबत होतं, कशात गुंडाळलं होतं, हीसुद्धा माहिती असते आणि ती एकदाच मिळते. आधी फोटो, मग एकेक नाणं बाहेर, प्रत्येकाला क्रमांक. आजी म्हणाली, चिंचेने घासून लख्ख करून देते. तिला हात जोडले. चिंच, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावलं की वरचा जुना थर जातो, बारीक ओरखडे पडतात, आणि संग्राहकाच्या नजरेत नाणं तिथेच उतरतं.

एकूण निघाली ७१. चांदीचे दिसणारे रुपये २३, निकेलचे १९४७ चे वाघवाले रुपये २, भोकाचे पैसे ११, पाई-पैसा-आणा मिळून तांब्या-काशाची १६, कमळाचे पिवळे वीस पैसे ७, शिवराया ६, ‘राम दरबार’चं एक जाडजूड नाणं, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पाच काळपट, वेडीवाकडी नाणी. ती पाच तूर्त बाजूला ठेवा. मीही ठेवली होती.

बरीचशी यादी बसल्या जागी निकाली निघाली. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळात प्रचंड संख्येने निघाला. लोकांनी तो वॉशर म्हणून वापरला, करदोट्यात ओवला, आणि तरीही तो आजही पोत्याने मिळतो. कमळाच्या वीस पैशात सोनं आहे ही अफवा आमच्याकडे अजून जिवंत आहे. सोनं नाही. तांब्याचा मिश्रधातू आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनही गेली, म्हणजे या सातांची दुकानातली किंमत कायद्यानेच शून्य.

काकांचा साडेतीन लाखांचा रुपया हाही त्या तेवीसातलाच होता. त्यांनी त्याच्यावर १९३९ वाचलं होतं. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, एवढं त्यांचं बरोबर. पण नाण्यावरच्या राजाला भरघोस दाढी होती. दाढीवाला तो पंचम जॉर्ज, आणि तो जानेवारी १९३६ मध्येच वारला. १९३९ च्या नाण्यावर गुळगुळीत हनुवटीचा सहावा जॉर्ज हवा. भिंगाखाली पाहिलं तर तो १९१९ होता. मधल्या १ च्या बाजूला एक ओरखडा होता, तो ३ सारखा दिसत होता. नाण्यावरचा एक पुरावा दुसऱ्या पुराव्याशी जुळतो का, एवढंच तपासायचं होतं. यंत्र लागलं नाही. तुमच्या डेटात तापमान आणि वेळ हे दोन्ही रकाने असतील, तर हीच तपासणी तुम्हीही करू शकता, आणि बहुतेक जण करत नाहीत.

तारखेची दुसरी गंमत १८६२ च्या रुपयाची. डब्यात असे दोन होते. ‘एकशे साठ वर्षांपूर्वीचं’ म्हणून काका हुरळले. पण व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल तसंच गोठवून टांकसाळींनी ते १८७४ पर्यंत पाडले. त्यामुळे नाण्यावरचं साल आणि नाणं पाडल्याचं साल ही एकच गोष्ट नाही, आणि १८६२ चा रुपया त्या काळातल्या सगळ्यात सहज मिळणाऱ्या रुपयांपैकी आहे. जुनं म्हणजे महाग, हे समीकरण इथेच मोडतं. किती पाडली, त्यातली किती वितळवली गेली, किती उरली आणि ती किती लोकांना हवी आहेत, यावर भाव ठरतो. वय यात फार तर लांबचा नातेवाईक.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे धातू.

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती, बाकी तांबं. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदीची चणचण झाली, आणि १९४० पासून त्याच वजनाच्या रुपयात चांदी ५० टक्क्यांवर आली. ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. १९४६-४७ मध्ये तर चांदी पूर्णच गेली, नुसतं निकेल. आजी ज्याला ‘कलदार’ म्हणते तो रुपया हातात सारखाच वाटतो, पण त्याच्या पोटातला ऐवज तीन प्रकारचा असू शकतो.

हे नाणं न कापता, न घासता ओळखायचं तर घनता मोजायची. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, निकेलची ८.९१, जस्ताची ७.१४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. यावरून हिशोब केला तर ९१.७ टक्केवाल्या रुपयाची घनता १०.३४ च्या आसपास यायला हवी, आणि ५० टक्केवाल्याची ९.५३. फरक भरपूर आहे, घरच्या घरी पकडता येण्याजोगा.

ओळखीच्या सोनाराकडून ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा दोन तासांसाठी मागून आणला. पद्धत अशी: आधी नाण्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे व्यवहारात नाण्याचं आकारमानच. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता.

पहिल्याच नाण्याला उत्तर आलं ९.८. ना इकडचं ना तिकडचं. पाच मिनिटं मी ‘वेगळाच मिश्रधातू’ वगैरे विचार करत बसलो (पीएचडीची सवय, दुसरं काय), आणि मग दिसलं की दोऱ्याच्या गाठीशी हवेचा बुडबुडा अडकलाय. बुडबुडा आकारमान वाढवतो, घनता खाली ओढतो, आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, नाणं हलवून घेतलं, आणि आकडे रांगेत आले. १९१९ चा रुपया: ११.५८ ग्रॅम, सारलेलं पाणी १.१२ ग्रॅम, घनता १०.३४. एक १९४४ चा: ११.६० आणि १.२२, घनता ९.५१. काट्याची चूक ०.०१ धरली तरी घनतेत ०.०९ च्या आसपास फरक पडतो. दोन गटांमधलं अंतर ०.८. त्यामुळे गोंधळाला जागा नाही. साधं यंत्र पुरतं की नाही, हे यंत्राच्या दर्जावर ठरत नाही. तुम्हाला जो फरक ओळखायचा आहे तो यंत्राच्या चुकीपेक्षा किती मोठा आहे, यावर ठरतं.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, विद्यापीठात एक्सआरएफ आहे की, त्यात ठेव. ठेवता आलं असतं. पण एक्स-किरणांनी मिळणारं उत्तर वरच्या पातळ थराचं असतं. चांदी-तांब्याच्या मिश्रधातूत, विशेषतः चांदी कमी असेल तेव्हा, नाणं पाडताना आम्लात उजळल्याने पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चांदी दाट होते. लाखो रुपयांचं यंत्र तुम्हाला कातडीचं अचूक उत्तर देईल, आणि तुम्ही ते पोटाचं समजाल. पेल्यातलं पाणी सबंध नाण्याचं उत्तर देतं. अर्थात पाण्यालाही मर्यादा आहे: चांगल्या चांदीत कुणी हुबेहूब नक्कल पाडली, तर घनता तिला पास करेल. घनता ‘चांदी किती’ एवढंच सांगते, ‘खरं की खोटं’ सांगत नाही.

तेवीसपैकी तेरा निघाले जुन्या चांदीचे, नऊ ५० टक्क्यांचे. आणि एक भरलं १०.९२ ग्रॅम, सारलेलं पाणी १.२६, घनता ८.६७. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ किंवा तसलंच काही. ते होतं १८६२ च्या दोनांपैकी सगळ्यात चकचकीत, आजी पूजेत मधोमध ठेवायची ते. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, त्यावरून काकांनी मारलेला विनोद इथे लिहिण्यासारखा नाही. आजीला मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

हिशोब असा. जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, तेराची मिळून १३९. युद्धकाळातल्या रुपयात ५.८३, नवाची मिळून ५२. बेरीज १९१, झीज वजा जाता १९० च्या आत. चांदीचा भाव रोज हलतो, पण सोपं जावं म्हणून किलोला एक लाख धरला, तर चांदीचे १९,००० रुपये. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून बघा. सोनार घट धरून त्याहून कमी देणार. संग्राहक चांगल्या स्थितीतल्या दोनचार नाण्यांना धातूच्या वर थोडं देईल. आमची बहुतेक नाणी हाताळून गुळगुळीत झालेली, दोघांना तर गळ्यातल्या माळेसाठी कडी डाखलेली. साडेतीन लाखांचं एकही नाही.

बाजारभाव शोधताना एक काळजी घ्या. संकेतस्थळावर कुणी १९१९ च्या रुपयापुढे पाच लाख लिहिले, तर ती त्याची इच्छा आहे. ती निरीक्षण नाही. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलं तो आकडा म्हणजे निरीक्षण, आणि तोही त्याच स्थितीतल्या नाण्याशीच ताडायचा. विक्रेत्यांनी मागितलेल्या भावांची सरासरी काढून ‘बाजारमूल्य’ म्हणणं, म्हणजे मुलाखतीला आलेल्या उमेदवारांनी मागितलेल्या पगारांची सरासरी काढून ‘सरासरी पगार’ म्हणण्यासारखं.

राम दरबारच्या नाण्यावर एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८’. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही. सबंध मुलुखासाठी एकसारखी नाणी पाडायला कंपनीने १८३५ मध्ये सुरुवात केली, आणि त्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं चिन्ह आहे. डब्यातला हा प्रकार पुढे कधीतरी हौसेने किंवा फसवण्यासाठी ओतलेला. असलीच नाणी तांदूळ ओढतात म्हणून लाखांना विकण्याचे गुन्हे अधूनमधून पेपरात येतातच. यादीत त्याच्यापुढे ‘किंमत: शून्य’ लिहायला पेन टेकवलं आणि एक गोष्ट आठवून थांबलो.

अमेरिकेत जॉर्ज वॉल्टन नावाचा संग्राहक १९६२ मध्ये मोटार अपघातात वारला. त्याच्याकडे १९१३ चं पाच सेंटचं ‘लिबर्टी’ नाणं होतं, असं नाणं जगात फक्त पाच. तज्ज्ञांनी ते तपासून नकली ठरवलं. घरच्यांनी पाकीट कपाटात ठेवून दिलं, आणि ते तिथे चाळीस वर्षं पडून राहिलं. २००३ मध्ये बाल्टिमोरला बाकीची चार नाणी एकत्र आली, तेव्हा वारसांनी हे पाचवं नेलं. चारांच्या शेजारी ठेवून तज्ज्ञांनी पाहिलं, आणि ते खरं निघालं. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरच्या वर गेलं. आपलं राम दरबार तसं निघणार नाही, याची मला खात्री आहे. वॉल्टनच्या नाण्याशी ताडायला चार अस्सल नाणी होती, इथे मुळात अस्सल असं काही नाहीच. पण माझ्या यादीत आता ‘शून्य’च्या ऐवजी लिहिलं आहे: ‘कंपनीचं नाणं नाही, कारण: १८३५ पूर्वी असा अर्धा आणा नाही.’ निकालाबरोबर कारणही लिहून ठेवलं, की पुढच्याला ते तपासता येतं. नुसता निकाल लिहिला तर तो चाळीस वर्षं कपाटात बसतो.

शिवरायांबद्दल आत्या हळवी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आमच्या सहापैकी दोनांवर अक्षरं अजून वाचता येतात. महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं नंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडलं जात राहिलं, आणि इंग्रजी अमलातही बाजारात फिरत होतं. त्यामुळे हातातली शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही, बहुधा नसतेच. बाजारात साधी शिवराई काही शे रुपयांना मिळते. सोन्याचा शिवराई होन ही वेगळी गोष्ट, तो फार दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. आत्या म्हणाली, “पैशे नको सांगू. एक मला दे.” दिली. त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची ते मला माहीत आहे, पण तो रकाना माझ्या यादीत नव्हता.

आता ती पाच काळपट नाणी.

ओबडधोबड, कुठे गोल कुठे चपटी, बोटाच्या पेराएवढी. भिंगाखाली तिघांवर सोंड उचललेला हत्ती दिसला, आणि मागच्या बाजूला क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळं. फोटो नागपुरातल्या एका जाणकार सरांना पाठवले. त्यांचं उत्तर: सातवाहनकालीन पोटीनची दिसतात, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण, विदर्भात अशी सापडतात, अक्षरं झिजली आहेत, राजा सांगता येणार नाही. आणि पुढे एकच प्रश्न: “कुठे सापडली?”

डब्यातली सगळ्यात जुनी नाणी ही, साधारण अठराशे वर्षांपूर्वीची. आणि बाजारात यांचा भाव युद्धकाळातल्या एका रुपयापेक्षाही कमी असू शकतो. चांदी नाही, नक्षी नाही, अक्षरं नाहीत. मग सरांना ठिकाण कशाला हवं होतं?

याचं उत्तर नाशिकजवळच्या जोगलटेंभीत आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,२५० च्या वर. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकली होती. हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्याने आपल्या शिक्क्यानिशी पुन्हा चलनात आणली, हे त्यावरून उघड होतं, आणि कोण आधी, कोण नंतर, याला इतका भक्कम पुरावा दुसरा मिळणं कठीण. आता कल्पना करा, हाच साठा गावात वाटला गेला असता. चांगले चेहरे असलेली नाणी हौशी लोकांनी निवडून नेली असती, ठोकून विद्रूप झालेली सोनाराकडे गेली असती. शंभर वर्षांनी आपल्याला वाटलं असतं, की नहपानाची बहुतेक नाणी स्वच्छच होती. दहात सात नाणी पुन्हा ठोकलेली होती हे प्रमाण साठा एकत्र राहिला म्हणूनच कळलं. एकेकट्या नाण्यात ते नव्हतंच.

आपल्या विदर्भातलंही उदाहरण आहे. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला, आणि नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत न सापडणारी काही सातवाहन राजांची नावं त्या नाण्यांवर निघाली. वितळवून चार आणेही आले नसते अशा धातूतून राजवंशाची यादी दुरुस्त झाली. तिसरा प्रश्न, ‘यातून काय कळतं?’, सुटतो तो असा: नाणं, त्याचे सोबती आणि त्याची जागा, तिन्ही एकत्र असतील तर.

आमच्या पाचांची जागा कोणती? आजी म्हणाली, बोडी खोल करताना निघाली. काका म्हणाले, छे, बाबांनी पवनीच्या बाजूच्या कुणाकडून तरी घेतली होती. हातात एकच वस्तू होती, तो वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर तारीख नव्हती, पण लोकसभेच्या मध्यावधी निवडणुकीच्या प्रचाराची बातमी होती. ती निवडणूक मार्च १९७१ ची, म्हणजे कागद १९७१ च्या सुरुवातीचा. काकांचा मित्र बाजूलाच बसला होता. त्याने पवनीचं वाचलेलं होतं: १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीला बौद्ध स्तूप निघाला, देव आणि जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये आला. तो म्हणाला, “मंग जुळलं ना! उत्खनन सत्तरचं, कागद एक्काहत्तरचा. लिहून टाक पवनी. भाव बी वाढते.”

खरं सांगतो, मलाही क्षणभर ते पटलं. गोष्ट सुंदर होती आणि माझ्याच जिल्ह्याची होती. पण कागदाने सिद्ध काय होतं? एवढंच, की ही पुडी १९७१ च्या आधी बांधलेली नाही. रद्दीचा कागद दहा वर्षांनीही वापरता येतो. नाणी त्याआधी कितीही वर्षं घरात असू शकतात. आणि उत्खनन ते पुडी हा दुवा तर फक्त आमच्या डोक्यात होता. एकदा मी ‘पवनी’ लिहिलं असतं, की पुढे कुणीतरी ते खरं मानून नकाशावर टिंब दिलं असतं. चुकीचं ठिकाण हे ठिकाण नसण्यापेक्षा वाईट, कारण ‘अज्ञात’ पाहून माणूस शोध घेतो, आणि ‘पवनी’ पाहून थांबतो.

बोडीची गोष्ट खरी असेल तर तिला कायद्याचीही बाजू आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं हा पुरावशेष आहे आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक आहे म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. आमची पाच नाणी विकायची नाहीत असं ठरलं. ती नोंदीसकट नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, दाखवायला नेणार आहे.

५० टक्केवाले नऊ रुपये काकांनी विकले. ऑपरेशनच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळच होती, बाकीची सोय वेगळी झाली. आत्या आता काठीशिवाय अंगणात फिरते.

पुडीच्या नोंदीत मी शेवटी लिहिलं: ‘सापडण्याचं ठिकाण अज्ञात. आजीच्या सांगण्यानुसार बोडी. काकांच्या सांगण्यानुसार पवनीकडून. कागद १९७१ च्या सुरुवातीचा.’ खाली त्या दिवसाची तारीख. आजी चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

“काहून रे, एवढं काय लिहून रायला?”

वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, बोडीत नाही, आता आठवलं, तिच्या माहेरच्या वाड्याची भिंत पडली होती तेव्हा निघाली होती. मी तेही लिहिलं. तिसरा क्रमांक देऊन.